कलेचा तास परत द्या: सांगली जिल्ह्यातल्या संस्थाचालक आणि मुख्याध्यापकांना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

सांगली जिल्ह्यातले संस्थाचालक, मुख्याध्यापक, आणि दरवर्षी गॅदरिंगची जबाबदारी ज्यांच्या गळ्यात पडते ते सगळे सर-मॅडम, तुम्हाला लिहितोय. तुमच्यातले बरेच जण मला ओळखतात कारण दिवाळीची सुट्टी संपली की फोन सुरू होतात, दहा मिनिटांचं एक नाटुकलं बसवून द्या, सामाजिक विषय असला तर बरं, पाहुणे येणारेत. मी बसवून देतो, आवडीनं देतो, त्याबद्दल काही म्हणणं नाही.

बोलायचंय ते बाकीच्या वर्षाबद्दल. जूनमध्ये वेळापत्रक लागतं, त्यात कलेचा तास असतो, आणि पहिली घटक चाचणी जवळ आली की तो गणिताच्या नाहीतर इंग्रजीच्या सरांकडं जातो, तो काही परत येत नाही. स्कॉलरशिपचा वर्ग असेल तर विचारायलाच नको. चित्रकला उरते ती एलिमेंटरी-इंटरमिजिएटपुरती, ती पण दहावीला वाढीव मार्क मिळतात म्हणून. आणि मग गॅदरिंगच्या एका रात्रीसाठी कोरिओग्राफर, भाड्याचे ड्रेस, एलईडी स्क्रीन, साउंड, मांडव, मोठ्या शाळांत हे बिल लाखाच्या घरात जातं, ड्रेसचे पैसे पालकांकडून वेगळे. पोरं रिमिक्सवर नाचतात, फोटो ग्रुपवर पडतात, वर्षाची कला संपली.

एवढंच असतं तरी मी गप्प बसलो असतो, कारण हे पंचवीस-तीस वर्षं असंच चाललंय. पण हल्ली प्रत्येक शाळेच्या माहितीपत्रकात 'एम्पथी', म्हणजे दुसऱ्याच्या मनातलं समजून घेणं, यायला लागलीय. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कला-समेकित शिक्षण, म्हणजे बाकीचे विषय कलेतून शिकवणं, आलं, सीबीएसईनं त्याच सुमारास पहिली ते दहावीला कला-समेकित प्रोजेक्ट सक्तीचा केला, समग्र प्रगती पत्रकात जागरूकता, संवेदनशीलता आणि सर्जनशीलता असे तीन रकाने आले, आपल्याकडं २०२४ पासून आनंददायी शनिवार, म्हणजे शनिवारी पुस्तकाऐवजी कृती आणि खेळ, आला. कागदावर सगळं उत्तम. प्रत्यक्षात प्रोजेक्ट कोण करतं ते तुम्हाला पण माहितेय, रात्री अकरा वाजता आई थर्माकोल कापत बसते आणि पोरगं झोपलेलं असतं. आणि संवेदनशीलतेच्या रकान्यात मॅडम चाळीस पोरांना एका बैठकीत टिक करून मोकळ्या होतात, त्यांचा तरी काय दोष, पोराची संवेदनशीलता मोजायची कशी हे त्यांना कुणी सांगितलंय का?

म्हणून म्हटलं, या विषयावर जगात जे संशोधन झालंय त्यात नक्की काय सापडलंय ते एकदा नीट तुमच्यापुढं मांडावं. मी काही प्राध्यापक नाही, पण नाटकाच्या नादानं हे गेली काही वर्षं वाचतोय आणि त्यातलं बरंचसं आपण करतो त्याच्या उलट आहे.

एक मोठा प्रयोग अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरातला. बोवेन आणि किसिडा या दोन संशोधकांनी केलेला, २०१९ मध्ये बाहेर आला. ४२ शाळा, तिसरी ते आठवीची १०,५४८ मुलं. यातली गंमत अशी की कुठल्या शाळेला कला जास्त मिळणार हे लॉटरीनं ठरलं, त्यामुळं 'चांगल्या शाळा आधीच चांगल्या होत्या' हा आक्षेप घेता येत नाही. शहरातले नाटकवाले, नाचवाले, गाणारे, चित्रकार शाळांशी जोडून दिले. निकाल काय? शिस्तभंगाची कारवाई झालेल्या मुलांचं प्रमाण ३.६ टक्के पॉइंटनी कमी झालं, लेखनाचे मार्क वाढले (१३ टक्के स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे मुला-मुलांत एरवी जेवढा फरक असतो त्याच्या मापानं), आणि दुसऱ्याबद्दलची कणव ८ टक्के स्टँडर्ड डेव्हिएशननी वाढली. गणित आणि वाचनात म्हणावा असा फरक नाही. आता ८ टक्के म्हणजे फार नाही हो, उगाच डोक्यावर घेऊन नाचण्यासारखा आकडा नाही. पण दहा हजार पोरांवर, लॉटरी करून, मार्कांना धक्का न लावता एवढा फरक पडला हे पण काही कमी नाही.

ह्यूस्टनच्या आधी याच दोघांनी जे ग्रीन नावाच्या संशोधकाबरोबर अमेरिकेतल्याच आर्कान्सा राज्यात चित्रसंग्रहालयाच्या सहलीवर काम केलं होतं. १२३ शाळा, मुलं आणि शिक्षक मिळून जवळपास ११ हजार, इथंही लॉटरी, जी शाळा हरली तिला नंतर सहल. अर्ध्या दिवसाच्या सहलीतून, एखादं चित्र समोर ठेवून त्यावर नुसत्या गप्पा मारून, मुलांचा चिकित्सक विचार सुधारला, वेगळं मत ऐकून घ्यायची तयारी वाढली, जुन्या काळातल्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून बघणं वाढलं. आणि सगळ्यात जास्त फायदा खेड्यातल्या आणि गरीब घरच्या मुलांना, कारण त्यांना हे घरून मिळत नाही. जत, आटपाडी, कवठेमहांकाळच्या मुख्याध्यापकांनी हे वाक्य परत एकदा वाचावं. ग्रीन यांच्याच गटानं नंतर नाटकावर पण प्रयोग केला, काही मुलांना थेट नाटकाला नेलं, काहींना त्याच कथेचा सिनेमा दाखवला. सहिष्णुता आणि दुसऱ्याच्या नजरेतून बघणं यात नाटकवाली मुलं पुढं होती. स्मार्ट बोर्डवर व्हिडिओ लावला की कला झाली असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहिलं.

आणि स्वतः नाटक करणारी मुलं? थालिया गोल्डस्टीन आणि एलेन विनर यांचा २०१२ चा अभ्यास आहे. वर्षभर अभिनय शिकणारी मुलं एकीकडं आणि चित्रकला किंवा संगीत शिकणारी दुसरीकडं, अभिनयवाल्यांची एम्पथी जास्त वाढली. नंतर त्याच गोल्डस्टीन बाईंनी चार वर्षांच्या मुलांवर आठ आठवडे नाटकाचे खेळ करून बघितले, तिथं दुसऱ्याला मदत करणं काही वाढलं नाही, पण दुसऱ्याचं दुःख बघून स्वतःच बिथरून जाणं कमी झालं, स्वतःला सावरणं वाढलं. मला हा दुसरा निकाल जास्त महत्त्वाचा वाटतो. रडणाऱ्या मित्राशेजारी बसायचं तर आधी आपण सावरलेलं पाहिजे ना.

आता कलेच्या बाजूनं बोलणारा माणूस जे सहसा सांगत नाही ते पण सांगून टाकतो. ओईसीडी या विकसित देशांच्या संघटनेनं २०१३ मध्ये जगभरचे अभ्यास गोळा करून तपासले होते. वर्गात गोष्टी नाटकासारख्या करून बघितल्या की भाषा सुधारते याला पक्का पुरावा मिळाला, पण कला शिकवली की मुलं सगळ्याच विषयात हुशार होतात असल्या दाव्यांना फारसा आधार मिळाला नाही. २०१३ मध्येच 'सायन्स' या संशोधनाच्या मासिकात आलं होतं की चांगलं ललित साहित्य थोडा वेळ वाचलं की लगेच दुसऱ्याच्या मनातलं ओळखता येतं, पेपरवाल्यांनी उचलून धरलं, पुढं २०१८ मध्ये सायन्स आणि नेचरमधले २१ प्रयोग परत करून बघितले तेव्हा हा नापास झाला. बरेच अभ्यास लहान, थोड्या दिवसांचे, त्यात मुलांनी स्वतःच फॉर्म भरायचा की मी किती दयाळू आहे. बाराव्या वर्षी कुठलं पोरगं लिहील की मी दयाळू नाही म्हणून? तेव्हा पालक मीटिंगला 'कलेमुळे तुमच्या मुलाचे मार्क वाढतील' असलं काही सांगू नका, वाढले नाहीत की पहिला कलेचाच तास कापला जाईल.

आणि ते 'हल्लीच्या पोरांना भावनाच राहिल्या नाहीत' हे पण बंद करा. अमेरिकेत सारा कॉनरॅथ यांनी १९७९ ते २००९ मधल्या कॉलेजच्या मुलांची एम्पथी घसरल्याचं दाखवलं होतं, ती बातमी अजून व्हॉट्सॲपवर फिरते. पण त्यांनीच पुढं २०१८ पर्यंतचे आकडे घेतले तेव्हा २००८ नंतर ती परत चढताना दिसली. ती कुणी फॉरवर्ड करत नाही.

आता मुख्य मुद्दा. दोन-तीन शाळांत मी बघितलं, एम्पथी डे म्हणून पोरांच्या डोळ्याला पट्टी बांधतात, काठी देतात, वर्गभर चालवतात, बघा अंध माणसाला किती त्रास होतो. फोटो छान येतो. पण यावर नेमकं संशोधन झालंय. सिल्व्हरमन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवलं की पट्टी बांधून फिरलेल्या लोकांना अंध माणसं आधी वाटत होती त्याहून जास्त असहाय वाटायला लागली, ही काय नोकरी करणार, एकटी कशी राहणार. २०१७ मध्ये नारिओ-रेडमंड यांनी अपंगत्वाच्या अशा नकलांवर काम केलं तर तेच, जिव्हाळा थोडा वाढतो पण लाचारीची आणि भीतीची भावनाही वाढते, दृष्टिकोन काही सुधारत नाही. सरळ आहे, पट्टी बांधलेल्या पोराला पहिल्या दहा मिनिटांतला गोंधळ कळतो, वीस वर्षं अंध असलेल्या माणसाची तयारी कळत नाही. शाळेला शेवटी काय मिळतं, तर कीव.

आणि २०१८ मध्ये एयाल, स्टेफेल आणि एपली यांनी २५ प्रयोग करून सांगितलं की नुसती कल्पना करून, म्हणजे स्वतःला समोरच्याच्या जागी ठेवून, त्याच्या मनातलं बरोबर ओळखता येत नाही, उलट आपल्याला कळलं असा विश्वास मात्र वाटतो. बरोबर कधी कळतं, तर त्यालाच विचारल्यावर.

हे वाचलं तेव्हा मला वाळव्याकडच्या एका शाळेतला सहावीचा वर्ग आठवला. कारखाना सुरू होता, कोप्या पडल्या होत्या, बीडकडची तीन-चार पोरं मधूनच वर्गात आलेली, मागच्या बाकावर. मी ऊसतोडीवर प्रसंग करायला सांगितला. गावातल्या पोरांनी काय केलं असेल, तर दारू पिऊन लडखडणारा बाप, मार खाणारी आई, उपाशी लेकरू, सगळं टीव्हीवरून आलेलं, आणि वर्ग हसतोय. मागच्या बाकावरचं पोरगं बघत होतं. मग त्याला म्हटलं तू ये, तू बसव. आधी लाजलं, मग जे सुरू झालं! कोयता असा धरत नाहीत, पाचट आधी सोलायचं, मोळी बांधायची ती वाढ्यानं, आणि मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं, ती फळी हलते, तिथं पाय कसा टाकायचा. त्यानं बाकावर चढायला लावलं एकेकाला. ट्रक रात्री दोनला आला तर दोनला उठायचं. पोरं प्रश्न विचारायला लागली, मग तू झोपतो कधी, धाकटीला कोण बघतं, मुकादमाला किती पैसे देणं आहे. एकजण म्हणाला आमच्या रानात तोड आली की आम्ही तुम्हाला पाणी देतो, तर हा म्हणाला देता पण तांब्या लांबून देता. सर, हे कुठल्या मूल्यशिक्षणाच्या पुस्तकात सापडणार? त्या तासाला कुणी रडलं नाही की टाळ्या वाजवल्या नाहीत, घंटा झाल्यावर पण दोघं बाकावरून मोळी चढवत होते एवढंच.

पहिला प्रसंग पण नाटकच होतं, दुसरा पण नाटकच. फरक एवढाच की दुसऱ्यात ज्याचं जगणं आहे त्याला विचारलं होतं. म्हणून माझं तुम्हाला सगळं सांगणं या एका गोष्टीत आहे, आधी विचारायला लावा, मग करायला लावा, आणि ते वर्षभर, तासात, स्टेजवर नाही.

विचारायला माणसं कमी आहेत का आपल्याकडं? मार्केट यार्डात हळदीची पोती उचलणारे हमाल आहेत, हळद निवडणाऱ्या बायका आहेत. मिरजेत सतारमेकर आहेत, भोपळा कुठून येतो, किती महिने वाळवतात, पोरगा हा धंदा करणार का नाही, विचारू द्या पोरांना. २०१९ चा पूर तर प्रत्येक घरात आहे, कुणी पत्र्यावर बसून होतं, कुणी छावणीत, कुणी आपल्या घरात दुसऱ्यांना ठेवून घेतलं, आजी-आजोबांना २००५ चा पण आठवतो. पाचवीच्या मुलानं आजीला विचारून आणलेला पाच मिनिटांचा प्रसंग हा इतिहास पण आहे, मराठीचं लेखन पण आहे आणि कला पण. वेगळा विषय काढायची गरजच नाही, परिसर अभ्यासाच्या तासाला बसतंय.

आपण काही अमेरिकेकडून नवीन शिकतोय असं पण नाही. ५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर केलं ते आपल्या सांगलीतच, त्या तारखेला आख्ख्या महाराष्ट्रात रंगभूमी दिन असतो आणि आपल्या शाळांत त्या दिवशी काय होतं तर कधीकधी परिपाठात एक वाक्य. हरिपूरच्या देवलांनी १८९९ मध्ये शारदा आणलं, म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या पोरीच्या बाजूनं बघायला लावणारं. वाटेगावच्या अण्णाभाऊंनी लोकनाट्यातून कामगार, मजूर, दलित माणसं स्टेजवर उभी केली, लांबून बघून नाही. आणि कर्मवीरांनी तर नाटक पण केलं नाही, साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरं एकत्र ठेवली, एकत्र स्वयंपाक, एकत्र जेवण, १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचं नामकरण झालं. वरच्या तांब्याची गोष्ट आठवा आणि हे वाचा.

अजून एक, हे जरा बोचेल. पोरांना एम्पथी शिकवायच्या आधी सरांचं काय? कॅलिफोर्नियात ओकोनोफुआ आणि सहकाऱ्यांनी पाच शाळांतल्या ३१ गणित शिक्षकांवर प्रयोग केला, २०१६ मध्ये छापला. निम्म्या शिक्षकांना छोटंसं वाचन आणि लेखन दिलं, पोरगं वर्गात दंगा करतं तेव्हा त्याच्या बाजूनं काय असू शकतं, आणि शिक्षा करताना पण नातं कसं ठेवायचं. बास, एवढंच. वर्षभरात शाळेतून निलंबित झालेल्यांचं प्रमाण बाकीच्या शिक्षकांच्या मुलांत ९.६ टक्के, तर या शिक्षकांच्या मुलांत ४.८ टक्के, म्हणजे निम्मं. निलंबन म्हणजे कुठल्याही सरांनी, कुठल्याही वर्गात केलेलं. तुमच्या प्रशिक्षणात अख्खा दिवस पीपीटी बघून चहा-बिस्किट खाण्यापेक्षा हे स्वस्त आहे.

मागणं काय ते लिहितो. आठवड्यातला एक कलेचा तास कुणालाही न देता जूनपासून मार्चपर्यंत चालवा, परीक्षेच्या आठवड्यात पण. शनिवारी चालवा हवं तर, शासनानंच वेळ दिलाय. गॅदरिंगच्या खर्चातला निम्मा बाजूला काढून गावातल्या कलाकाराला मानधन द्या, शाहीर आहेत, भजनी मंडळवाले आहेत, हौशी नाटकवाले आहेत, तमाशातून बसून राहिलेली माणसं आहेत, त्यांना शाल-नारळ नको, महिन्याला ठरलेले पैसे पाहिजेत. त्या तासाची स्पर्धा नको, सर्टिफिकेट नको, मोबाईलवर शूटिंग नको, विशेषतः ज्या पोरानं आपल्या घरचं काही सांगितलं असेल त्याचं तर अजिबात नको. डोळ्याच्या पट्ट्या कपाटात ठेवा, त्याऐवजी एखाद्या अंध शिक्षकाला बोलवा आणि पोरांना त्यांना काय वाटेल ते विचारू द्या. संवेदनशीलतेच्या रकान्यात टिक करावीच लागत असेल तर करा, पण शेजारी एक ओळ लिहा, या पोरानं कुणाला काय विचारलं.

आणि हे खरंच चालतं का हा प्रश्न तुम्ही विचारणारच, विचारलाच पाहिजे. तर ह्यूस्टनवाल्यांची पद्धत आपण पण करू शकतो की. समजा वीस शाळा तयार झाल्या, एवढे कलाकार पहिल्या वर्षी मिळणार नाहीत, मग चिठ्ठ्या टाकायच्या, दहा शाळांना यंदा, दहांना पुढच्या वर्षी. मोजायचं काय, तर पोरांना फॉर्म नको, हजेरीपट, भांडणाच्या आणि तक्रारींच्या नोंदी, आणि जुलैत आणि मार्चमध्ये एकाच विषयावर लिहून घेतलेले निबंध, नावं झाकून दुसऱ्याच शाळेच्या शिक्षकांनी तपासलेले. खर्च झेरॉक्सचा. ऊसतोडीची पोरं मध्येच येतात-जातात त्यांची नोंद वेगळी ठेवायची म्हणजे आकडे बिघडणार नाहीत, आणि ती हंगामभर शाळेत टिकली का हे पण कळेल. फरक नाही दिसला तर तसं छापू, मी स्वतः पुढच्या पत्रात लिहीन.

तुमच्या संघाची बैठक जूनच्या पहिल्या आठवड्यात असते असं कळलंय. विषयपत्रिकेत दहा मिनिटं द्या, चिठ्ठ्या आणि डबा मी आणतो, काढायच्या तुमच्यातल्या कुणीतरी.

आपला,
एक हौशी नाटकवाला, सांगली